घरच्या माणसासाठी हाताने केलेला घडीचा चाकू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानस, करवत आणि ड्रिल थोडंफार चालवता येतं, पण चाकू कधी केलेला नाही, अशांसाठी ही उत्तरं आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घडीच्या चाकूत पातं हा सोपा भाग आहे, खरा कस लागतो तो सांध्यात, म्हणजे पातं मुठीत जिथे फिरतं त्या जागी. त्यामुळे खालची लांबलचक उत्तरं बहुतेक सांध्याबद्दलचीच आहेत.

आधी एकही चाकू केलेला नाही. थेट घडीचा करायला घेऊ का?

घ्या, पण प्रकार सोपा निवडा. न दुमडणारा चाकू अर्थातच सोपा असतो. एक पातं, मुठीचे दोन तुकडे, दोन-तीन पिना, की झालं. पण त्याला म्यान लागते, तो खिशात मावत नाही आणि मग कपाटात पडून राहतो. माणसाने रोज जवळ बाळगावा असं वाटत असेल तर घडीचाच हवा. मात्र भेट द्यायचा दिवस तोंडावर आला असेल तर हे काम त्या दिवसासाठी हाती घेऊ नका. घाईत बिघडतो तो सांधाच, आणि पिना ठोकून झाल्यावर तो दुरुस्त करायचा म्हणजे सगळा चाकू उसवायचा.

पाती मात्र पहिल्यापासून दोन कापा. पाणी देताना, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करताना, एखादं वाकतं, एखादं तडकतं. जुळं पातं तयार असलं की मन शांत राहतं.

कोणता प्रकार निवडावा?

पहिला प्रकार स्प्रिंग नसलेला, नुसत्या घर्षणावर उघडा राहणारा. फ्रान्सच्या साव्हा भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये केलेला लाकडी मुठीचा चाकू याच जातीचा. पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी त्याला १९५५ मध्ये आली, म्हणजे ६५ वर्षं तो लाकडाच्या पकडीवरच चालला. जपानी हिगोनोकामीत पात्याला मागे एक छोटी शेपटी असते. चाकू उघडला की ती मुठीच्या पाठीवर टेकते, आणि मूठ धरणारा हातच तिला दाबून ठेवतो. रचना इतकी साधी, की बिघडायला फारसं काही उरतच नाही. पहिल्या चाकूसाठी माझं मत यालाच.

दुसरा प्रकार पाठीत स्प्रिंग असलेला. उघडताना आणि मिटताना खट् आवाज करतो, जागेवर बसतो, पण कुलूप नसतं. जुन्या पद्धतीचे बहुतेक खिशातले चाकू हेच. भेट म्हणून हा सर्वांत देखणा, आणि करायला अवघडही. तिसरा प्रकार पातं पक्कं अडकवणारा. त्यातलं आजचं लोकप्रिय लायनर लॉक (मुठीतली पट्टी पात्यामागे सरकून त्याला अडवते) हे मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या रूपात आणलं. तिथे पात्याच्या बुंध्याला, म्हणजे मुठीत राहणाऱ्या भागाला, साधारण ७ ते ८ अंशांचा उतार द्यावा लागतो. तो थोडा चुकला तर कुलूप एकतर निसटतं किंवा अडकून बसतं. निसटणारं कुलूप हे कुलूप नसण्यापेक्षा वाईट, कारण हाताळणारा त्याच्यावर विसंबतो. घरच्या माणसाच्या बोटांवर हा प्रयोग करू नये.

माप काय धरावं?

ज्याला द्यायचा त्याचा हात बघा. तळहाताच्या रुंदीपेक्षा मूठ थोडी लांब असली की पकड नीट बसते. बहुतेकांना ९० ते १०० मिलिमीटरची मूठ आणि ६५ ते ७० मिलिमीटरचं पातं पुरतं. जाडी पात्याला २ ते २.५ मिलिमीटर ठेवा. जाड पातं भारदस्त दिसतं, पण फळ कापताना ते फळ चिरत नाही, फोडतं.

माणूस डावखुरा आहे का, हे कुणी विचारत नाही. नख अडकवून पातं उघडायची पात्यावरची खाच नेहमीप्रमाणे उजव्या अंगठ्यासाठी डाव्या अंगाला काढली जाते. डावखुऱ्याला ती दुसऱ्या अंगाला हवी. आणि घेणाऱ्याची बोटं सांधेदुखीने आखडत असतील तर कडक स्प्रिंगचा चाकू देऊ नका. चाकूंचे शौकीन उघडण्याचा जोर १ ते १० असा मोजतात. ४ ते ६ पर्यंत बहुतेकांना झेपतं, त्यापुढे नखं तुटायला लागतात. अशांसाठी शेपटीवालाच बरा. नाहीतर मुठीला कडेला अर्धगोल कापून पातं चिमटीत धरता येईल अशी सोय करा.

हत्यारं कोणती लागतात? ग्राइंडरशिवाय जमेल?

जमेल. लोखंड कापायची करवत, चपटी आणि गोल कानस, व्हाइस, ड्रिल, पॉलिश पेपर, सपाट जाड काच आणि छोटी हातोडी. पात्याचा उतार कानशीने काढायला वेळ लागतो, पण कानस एका फटक्यात काम बिघडवत नाही. पट्टा-ग्राइंडर बिघडवतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर रीमरवर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्यारावर, करा. पातं जिच्यावर फिरतं ती मुख्य पिन ३ मिलिमीटरची असेल तर भोक आधी २.९ ने पाडायचं आणि मग ३.० च्या रीमरने साफ करायचं. ड्रिलने पाडलेलं भोक कधीच पुरतं गोल नसतं, थोडं मोठंही होतं, आणि पात्याचं डुगडुगणं तिथूनच सुरू होतं. ड्रिल उभ्या स्टँडमध्ये असलं तर उत्तम. हाताने तिरपं गेलेलं भोक नंतर सरळ होत नाही.

पोलाद कोणतं? भंगारातलं चालेल का?

नवीन घ्यायचं तर १०८४ नावाचं कार्बन पोलाद. यात कार्बन सुमारे ०.८४ टक्के असतो. साध्या भट्टीत ताव थोडा इकडेतिकडे झाला तरी हे पोलाद सांभाळून घेतं. ओ१ सुद्धा छान, पण त्याला योग्य तापमानावर दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवावं लागतं, आणि ते उघड्या भट्टीत कठीण. गंज नको असेल तर एईबी-एल किंवा १४सी२८एन घ्या, पण त्यांना हजार अंशांच्या वरचा ताव लागतो. ती बाहेर पाणी द्यायला पाठवलेली बरी.

भंगाराचं आकर्षण समजू शकतं. आजोबांची झिजलेली कानस नातीच्या चाकूत यावी, ही कल्पनाच गोड आहे, आणि चांगल्या जुन्या कानशीचं पोलाद पात्याला योग्यही असतं. पण आधी ती लालबुंद तापवून राखेत सावकाश थंड होऊ द्या, म्हणजे नरम पडेल. मग दाते पूर्ण घासून काढा, अगदी मुळापर्यंत. एखाद्या दात्याची खाच राहिली तर पाणी देताना तडा तिथूनच जातो. काही कानशींना फक्त वरून कडकपणा दिलेला असतो. म्हणून एक तुकडा तोडून, पाणी देऊन, व्हाइसमध्ये मोडून बघा. काचेसारखा टचकन मोडला तर पोलाद कामाचं.

कागदावर आराखडा काढला की लगेच कापायला घेऊ?

नको. आधी पुठ्ठा. पात्याचा आणि मुठीचा आकार जाड पुठ्ठ्यातून कापा, मुख्य पिनेच्या जागी टाचणी खोचा आणि उघडझाप करून बघा. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावतं का? धार स्प्रिंगवर आपटते का? नखाची खाच मुठीआड जाते का? या तीनही गोष्टी पुठ्ठ्यात फुकट सुधारता येतात. स्प्रिंगचा चाकू असेल तर पुढचा नमुना प्लायवूडचा किंवा ॲक्रिलिकचा करा, कारण पुठ्ठ्याला स्प्रिंग लावता येत नाही.

स्प्रिंग आणि पात्याचा मेळ कसा बसवायचा?

सर्वाधिक प्रश्न यावरच येतात.

पात्याचा मुठीत राहणारा भाग, म्हणजे बुंधा, चौकोनी समजा. त्याच्या तीन कडा आळीपाळीने स्प्रिंगखाली येतात. चाकू उघडा असताना पाठीकडची, अर्ध्यावर असताना मागची, मिटल्यावर धारेकडची. मुख्य पिनेच्या मध्यापासून या तीनही कडा सारख्याच अंतरावर असतील तर स्प्रिंग तिन्ही वेळी मुठीच्या पाठीशी सपाट राहते. जुने कारागीर चाकू हातात घेतल्यावर आधी पाठीवरून बोट फिरवतात ते यासाठीच. अंतर ०.१ मिलिमीटरने चुकलं तरी बोटाला कळतं.

आता हिशेब बघा. कडा पिनेपासून ४ मिलिमीटरवर असल्या तर चौकोनाचा कोपरा ५.६६ वर पडतो. म्हणजे पातं फिरताना स्प्रिंगला १.६६ मिलिमीटर उचललं जावं लागेल. छोट्या स्प्रिंगला हे जास्त होतं. ती वाकून राहते किंवा मोडते, आणि उघडायला जोरही फार लागतो. म्हणून कोपरे गोल करायचे, उचल एक मिलिमीटरच्या आसपास आणायची. जास्त गोल केले तर खट् आवाज जातो आणि चाकू मऊ, बेजान वाटतो. इथे नियम नाही. कानशीचे दोन हात मारा, जोडून बघा, पुन्हा उघडा, पुन्हा दोन हात. कंटाळवाणं आहे, पण चाकूचा स्वभाव इथेच ठरतो.

स्प्रिंग मागच्या टोकाला आणि मध्ये अशा दोन पिनांवर बसते. पुढचं टोक मोकळं. आरामात ठेवल्यावर हे टोक असायला हवं त्यापेक्षा अर्धा ते पाऊण मिलिमीटर आत झुकलेलं हवं, म्हणजे जोडताना तिला जोर लावून बसवावं लागेल. हा ताण नसेल तर पातं मिटल्यावर लुळं पडतं.

बुंध्याच्या पुढे, धारेच्या बाजूला, एक छोटा उंचवटा ठेवा. मिटल्यावर तोच स्प्रिंगला टेकतो आणि धार अधांतरी राहते. हा उंचवटा सुरुवातीला मुद्दाम मोठा ठेवावा. घासून पातं हवं तेवढं आत बसवता येतं, पण एकदा घासलेलं परत येत नाही.

पाणी घरी देता येईल?

१०८४ ला येईल. सगळी भोकं पाडून झाल्यावरच. कडक पोलादात साधा ड्रिल बिट शिरत नाही. धारेच्या कडेला निदान अर्धा मिलिमीटर जाडी ठेवा, नाहीतर ती लाटेसारखी वाकडी होते.

भट्टीत पातं तापवत असताना अधूनमधून चुंबकाला लावून बघा. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. तिथून आणखी थोडं, रंग एक छटा उजळेपर्यंत, म्हणजे ८१५ च्या आसपास. मग टोक खाली धरून सरळ तेलात. तेल वनस्पती तेलच, ५० अंशांच्या जवळ कोमट केलेलं. गार तेल घट्ट असतं, उष्णता लवकर ओढत नाही. पातं आडवं हलवू नका, वाकतं. अर्धवट बुडवूनही ठेवू नका, तेलाच्या पृष्ठभागावर ज्वाळा उठते. धातूचं खोल भांडं, त्यावर बसणारं झाकण आणि काम घराबाहेर, यात तडजोड नाही.

गार झाल्यावर कडेवर कानस फिरवा. ती घसरली तर पाणी चढलं. या अवस्थेत पातं काचेइतकं ठिसूळ असतं, म्हणून रात्रभर तसंच ठेवू नका. ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन-दोन तास दोनदा ठेवा. घासून स्वच्छ केलेल्या अंगावर फिकट पिवळा रंग येतो. छोट्या ओव्हनचं तापमान फार वरखाली होतं, म्हणून पातं वाळूच्या ट्रेमध्ये ठेवून वेगळ्या थर्मामीटरने मोजा.

स्प्रिंगचा हिशेब वेगळा. तिला धार नको, लवचीकपणा हवा. पाणी तसंच द्यायचं, पण नंतर ३०० अंशांच्या वर, निळा रंग येऊन जाईपर्यंत तापवायचं. पात्याला आणि स्प्रिंगला एकाच ट्रेमध्ये २०० वर काढलं तर स्प्रिंग पहिल्या काही उघडझापींतच मोडेल.

मुठीला काय लावावं?

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. शिसव, अक्रोड, ऑलिव्ह यांसारखी घट्ट विणीची लाकडं उत्तम. जुन्या पलंगाचा पाया, काठी, मोडलेल्या पेटीची फळी यांतून घरातलं काहीतरी चाकूत येतं, आणि असं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलंही असतं. फक्त त्यातले खिळे आधी शोधा. शिंग सुंदर दिसतं, पण हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आक्रसतं. हाड स्थिर, पण ठिसूळ. सगळ्यात बिनतक्रार म्हणजे मायकार्टा, कापडाचे थर राळेत दाबून केलेला. हस्तिदंत जुना असला तरी नको. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून बंद आहे, आणि असा चाकू घेऊन देशाबाहेर जाणारा माणूस अडचणीत येतो.

मुठीच्या तुकड्यांच्या आत, पात्याच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या पट्ट्या एक मिलिमीटर पितळेच्या घ्या. पितळेला भोक पाडताना पत्रा क्लॅम्पने पक्का धरा. बिट आरपार जाताना पितळ त्याला एकदम पकडतं आणि पत्रा गरगर फिरतो.

मुख्य पिन कशी ठोकायची?

आधी सगळं सैल पिना घालून जोडा आणि शंभरदा उघडझाप करा. सगळं पसंत पडलं की मग पक्कं करायचं.

पात्याचा बुंधा आणि स्प्रिंग यांची जाडी सारखी आहे ना, ते काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून पक्कं करा. पात्याला फिरायला जागा हवी म्हणून बुंधा आणि पट्टी यांच्यामध्ये पातळ पत्र्याचा तुकडा सरकवायचा. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा चालतो, तो ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला इंग्रजी यू सारखी खाच पाडा, म्हणजे तो पिनेभोवती बसेल आणि नंतर ओढून काढता येईल. पट्टीच्या बाहेरच्या बाजूने भोकाचं तोंड किंचित पसरट करा. पिन दोन्हीकडे सुमारे एक मिलिमीटर बाहेर ठेवा आणि खाली ऐरण किंवा जाड पोलादी ठोकळा घ्या.

मग हलक्या हातोडीने पिनेच्या कडेकडेने, गोल फिरत, टकटक. मधोमध जोराचा फटका मारला तर पिन आतल्या आत फुगते आणि पातं जाम होतं. चार-सहा टोले एका बाजूला, उलटवून तेवढेच दुसऱ्या बाजूला, मग पातं फिरवून बघायचं. आवाज बदलतो. सुरुवातीला पोकळ येतो, पिन बसली की भरीव. पत्रा ओढून काढल्यावर पातं मोकळं फिरलं आणि आडवं हललं नाही, की थांबा. हाडावर किंवा शिंगावर थेट ठोकत असाल तर आणखी हलका हात, ती चटकन तडकतात. शेवटी डोकं कानशीने सपाट करायचं. पितळी पट्टीत पितळी पिन नीट भरली गेली तर पॉलिशनंतर ती कुठे आहे ते शोधावं लागतं.

जोडल्यावर पातं डुगडुगतं किंवा फार घट्ट आहे. आता?

घट्ट असेल तर घाबरू नका. तेलाचा थेंब टाकून काही दिवस उघडझाप करा. तरीही जाम असेल तर पिन काढून नव्याने बसवायची. डुगडुगत असेल तर आणखी दोन-चार हलके टोले. त्यानेही गेलं नाही तर भोक मोठं झालंय. पिन काढायची, भोक ३.२ चं करायचं आणि जाड पिन घालायची. मिटल्यावर पातं एका पट्टीला घासत असेल तर बहुतेक वेळा पातं पाणी देताना वाकलेलं असतं. दोष सांध्याला देऊ नका.

धार कधी लावायची?

सगळ्यात शेवटी. जोडाजोड चालू असताना पातं बोथट असावं आणि वर चिकटपट्टी गुंडाळलेली असावी. कोन दोन्हीकडून १५ ते २० अंश. आधी जाडसर दगड, मग १००० ग्रिटचा बारीक, मग कातडी पट्टा. घासताना पातं बोटाला चटका देऊ लागलं तर लगेच पाण्यात बुडवा. निळा डाग पडला तर तिथलं पाणी उतरलं.

नाव कोरायचं आहे.

नाव आतल्या पितळी पट्टीवर, आत घालण्यापूर्वी. पातं झिजतं, दगडावर घासलं जातं. पट्टीवरचं नाव फक्त ज्याला ठाऊक आहे त्यालाच चाकू उघडल्यावर दिसतं. पात्यावरच हवं असेल तर व्हायनिल स्टेन्सिल, मिठाचं पाणी आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर होतं. धन टोक पात्याला आणि ऋण टोक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याला लावायचं. खोली हवेशीर हवी. अक्षरं पाच मिलिमीटरपेक्षा लहान नकोत, काना-मात्रा भरून जातात.

लहान मुलाला द्यायचा चाकू वेगळा असावा का?

हो. टोक गोल, पाठ टोकाकडे उतरती. अर्ध्यावर थांबणारी स्प्रिंग घाला. मिटताना पातं ९० अंशांवर एकदा थबकतं आणि बोटं काढून घ्यायला क्षणभर मिळतो. आणि धार खरी लावा. बोथट चाकूला मूल जोर लावतं, मग तो सटकतो.

किट आणून जोडला तर तो हाताने केलेला म्हणावा का?

जोडणारा हात तुमचा असेल, मूठ तुम्ही घडवली असेल, तर देताना मोकळेपणाने सांगा आणि विषय संपवा. सांधा शिकायला किट हा चांगला मार्ग आहे.

काम करताना काय सांभाळावं?

डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला मास्क. हाडाची आणि शिसवीची धूळ विशेष त्रास देते. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोत, यंत्र मोज्यासकट हात ओढतं.

कायद्याचं काय?

देशागणिक वेगळा, आणि घेणारा जिथे राहतो तिथला बघायचा. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू कारणाशिवायही जवळ बाळगता येतो, कुलूपवाल्याला ती मुभा नाही. विमानात हातातल्या सामानात ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत द्या.

सोबत काय सांगून द्यावं?

एका कागदावर चार ओळी लिहा. वापरून झाल्यावर पुसून कोरडा करायचा, भिजत ठेवायचा नाही. सांध्यात अधूनमधून मिनरल ऑइलचा एक थेंब, खायचं तेल नको, ते चिकट होतं. कार्बन पोलादावर राखाडी-निळसर डाग येतील, ते राहू द्यायचे. लाल दिसलं तर मात्र तो गंज, लगेच घासायचा. कातडी म्यानात कायमचा ठेवायचा नाही, पितळ हिरवं पडतं. आणि धार गेली की परत तुमच्याकडे आणायचा.